तू आमची का त्यांची

आमचं रेडिओ केंद्र म्हणजे एक खोली, भिंतींना ठोकलेलं गोणपाट आन माझा आवाज. रोज संध्याकाळी मी फर्माईशीची गाणी लावायची. नियम माझाच: सोतासाठी गाणं मागायचं न्हाई, शेजाऱ्यासाठी मागायचं. सोतासाठी मागायला आमच्याकडच्या बाया लाजतात, म्हणून काढलेली युक्ती.

राजेश्वर गावातली एक मावशी, जन्म मेंढरांमागं गेलेला, दर आठवड्याला फोन करून भिंतीपलीकडच्या अक्कासाठी कानडी गाणं मागायची. अक्का मावशीसाठी मराठी मागायची. माझं वाक्य कानडीत सुरू व्हायचं, मराठीत संपायचं, मधी दखनी. लोक हसायचे, पर रेडिओ बंद करायचे न्हाईत.

मग लोकांच्या पोटात दुखायला लागलं. कानडीवाले म्हणायले, मराठी लई वाजायलंय. मराठीवाले म्हणायले, ही बाई कानडी घुसडायलीय. साहेबांनी मला बोलावलं.

"भांडण नको ताई. अर्धा तास कानडी, अर्धा तास मराठी. ज्यानं त्यानं आपल्या भाषेतलं गाणं मागायचं."

"मग शेजाऱ्यासाठी कसं मागायचं?"

"कामून मागायचं? शेजाऱ्याला काय तोंड न्हाई?"

मी लई भांडले. हा कार्यक्रम मोडला की माणसं एकमेकांकडं पाठ करणार, हे मला दिसायलं होतं. साहेबांनी कानडीला दुसरी पोरगी ठेवली, आन वर 'समाज जोडला' म्हणून माझ्याच गळ्यात हार घातला. जळो तो हार.

मावशी तरी माझ्या बाजूनं बोलेल म्हणून सुट्टीच्या दिवशी राजेश्वर गाठलं. कानडीचा अर्धा तास चालू होता. गाणं अक्काच्या घरातून यायलं होतं, मावशीचा रेडिओ गप. मराठी लागलं तसं मावशीनं बटण फिरवलं, आन पलीकडं अक्कानं बंद केलं.

मी म्हणलं, "मावशी, साहेबाला एक फोन कर की. पहिल्यावानीच लावा म्हणावं."

तिनं चहाची कपबशी माझ्यापुढं सरकवली.

"तू लई गोड बोलायचीस बाई. पर तू आमची का त्यांची, ते काय शेवटपर्यंत कळलं न्हाई बघ."

ते कळू नये म्हणूनच तर एवढी वर्षं घसा कोरडा केला होता. मी चहा तसाच ठेवला आन उठले.