अडुळशाची पानं

निजामाच्या राजवटीत मी हिंगोलीच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. बायकोचा खोकला आमच्या औषधानं हटेना, म्हणून गोरेगावच्या बाजारात अडुळसा घ्यायला गेलो.

तांड्यावरची एक बाई पानं विकत बसली होती. प्रत्येक जुडीतलं एक पान ती चावून बघायची आणि चांगलं कडू लागलं तरच जुडी पुढं ठेवायची. मला जुडी देता देता तिनं विचारलं, "कुणासाठी पायजे?"

"बायकोला."

"दोन जिवाची हाय का?"

मी हो म्हणालो. चौथा महिना होता. तिनं जुडी माझ्या हातातून काढून घेतली.

"मग न्हाई देत. जे कफ सोडवतं, ते लेकरू बी सोडवतं."

एकाच पानात असं काय असेल, जे छातीवरही चालतं आणि पोटावरही? आमच्या कपाटातल्या एकाही बाटलीवर त्याचं नाव नव्हतं.

"बाई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

ती पानांवर पाणी शिंपडत होती. हात न थांबवता म्हणाली, "शिकवंल कोण? माझ्या पहिल्या खेपेला मला बी खोकला झाला व्हता."

मी रिकाम्या हातानं परतलो. बायकोचा खोकला महिनाभर रेंगाळला. पोरगी मात्र धडधाकट जन्मली.