ताणावरची बाग

माझा आवाज बसला तेव्हा मी सिडकोतल्या घरी दहावीच्या गणिताच्या बॅचेस सकाळ-संध्याकाळ घेत होते, वर कॉलेज रोडला दुसरी शाखा काढायच्या बेतात होते. गाळा ठरला होता, भिंतींचा रंगसुद्धा निवडला होता. डॉक्टर म्हणाले, "महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. ऐकलं नाहीत तर हा घोगरेपणा कायमचा." शिकवणाऱ्या बाईचा आवाजच गेला तर उरलं काय? मी रिक्षात ढसाढसा रडले.

घरी सटाण्याकडून सासूबाई आलेल्या होत्या. तिकडची डाळिंबाची बाग त्याच बघतात. नवऱ्याने त्यांना सांगितलं, "आई, हिला फार ताण झालाय गं."

त्यांचा चेहरा खुलला. "ताण शे? मंग बेस शे."

असा संताप आला मला, पण बोलायची बंदी. नवरा मात्र हसत सुटला. डाळिंबवाल्यांचा ताण म्हणजे बागेची विश्रांती, हे त्याने मला मग सांगितलं. बहार धरायच्या आधी पाणी तोडतात, पानं गळू देतात, झाडाला निजू देतात, आणि मग पुन्हा पाणी सोडलं की झाड फुलतं. बारमाही पाणी पाजलं तर ते नुसतं पाल्यावर माजतं, फळ धरत नाही. मग त्याने आईला शहरातला ताण समजावला. त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"त्याले ताण का बरं म्हणतस? ती त हाव शे."

लागलं मला ते. खरं होतं म्हणून जास्तच लागलं.

बॅचेस मैत्रिणीकडे सोपवल्या. तरी मी चिठ्ठ्या लिहून हुकूम सोडायचेच. सासूबाई 'चष्मा नाही' म्हणून त्या उशीखाली सारायच्या. चष्मा त्यांच्या गळ्यातच लटकत असायचा. हळूहळू चिठ्ठ्या थांबल्या. दुपारी आम्ही दोघी गॅलरीत शेंगा सोलत बसायचो आणि मला चक्क बरं वाटायचं.

महिना सरला. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मी घरी येऊन पहिला शब्द उच्चारला, "आई." स्वच्छ निघाला.

"आते सोड पाणी," त्या म्हणाल्या.

गाळ्याची किल्ली मी त्याच आठवड्यात घेतली. शाखा छान चाललीय. पण मे महिन्यात दोन्हीकडे कुलूप. पालकांचा फोन आला की नवरा गंभीरपणे सांगतो, "मॅडम ताणावर आहेत." पलीकडचे हळहळतात, काळजी घ्या म्हणतात.

घेतेच आहे की.