युनिक्सचा शंकरपट

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस भंडारा जिल्ह्यात बैलांविना एक शंकरपट भरला. शर्यत दोन युनिक्सची होती आणि मैदान आमच्या भातगिरणीचं ऑफिस.

नागपूरहून दोन विक्रेते युनिक्स प्रणालीवर चालणाऱ्या कॉम्प्युटरची आपापली पेटी घेऊन आले होते. दोघांचा दावा एकच: माझं युनिक्स घ्या, एका पेटीवर चार कारकून एकाच वेळी काम करतील. आमच्या मॅनेजरसाहेबांनी संचालकांना शब्द दिला होता की यंदाच्या हंगामात आंधळगावकडच्या धानाच्या बैलबंड्या पावतीसाठी दारात खोळंबणार नाहीत. निवड चुकली, की गेला शब्द.

साहेब पटाचे जुने शौकीन. माहितीपत्रकं त्यांनी उघडलीसुद्धा नाहीत. "बैलाची तारीफ कायले आयकाची? पळवून पाहा लागते."

आम्ही चौघं कारकून टर्मिनलांपुढे बसलो आणि पावत्या टाइप करू लागलो. पहिल्या पेटीवर अक्षरं झरझर उमटली. दुसरीवरही तशीच. साहेब पेचात पडले. मग ते आमच्या पाठीमागून एक फेरी मारून आले.

"काहून जी, तुमी तिघं हात बांधून कायले बसले?"

"बडे बाबू टाइपून राहिले ना साहेब," मी म्हणालो.

ऑफिसात वर्षानुवर्षं बेरजेचं यंत्र एकच. हेडक्लार्क बडे बाबू त्याला बसले, की इतरांनी हात आवरायचे, हा आमचा रिवाज. तोच पाळून आम्ही दोन्ही युनिक्सवर आळीपाळीने काम केलं होतं.

साहेब पोट धरून हसले. "मानपान उद्या. पटातल्यासारखा रुमाल पडला का चौघंबी सुटा."

रुमाल पडला. पहिल्या पेटीवर बड्या बाबूंचं अक्षर दाबल्यावर सावकाश उगवायचं, जणू वाटेत चहाला थांबलं होतं. दुसरीवर मात्र चौघंही सुसाट. साहेबांनी वर अख्ख्या गोदामाचा हिशेब जुळवायला लावला, तरी तिची चाल मोडली नाही. स्वतःला क्षणाक्षणाने वाटून देत होती ती, आणि प्रत्येकाला वाटत होतं, ही फक्त माझीच. अशी यजमानीण मी पुन्हा पाहिली नाही.

साहेबांनी तिच्या पाठीवर बैलासारखी थाप मारली. संचालकांना दिलेला शब्द राखला गेला होता.

बडे बाबू मात्र आमच्या धावत्या बोटांकडे बघत होते. न राहवून म्हणाले, "आता कोनालेच कोनासाठी थांबा लागत नाही, हे बेस झालं. पन माह्यासाठीबी कोनी थांबून नाही राहिलं ना बाप्पा."