साळूबाईचे कागद

सांगलीतल्या एका धर्मादाय कर्करोग रुग्णालयात गंगाधर लिमये संगणक विभाग सांभाळायचे. विभाग म्हणजे ते स्वतः आणि जिन्याखालची एक गार खोली. नऊ वर्षांपूर्वी त्या खोलीत सर्व्हर आला. मोठ्या बँकांकडे असतो तसा जंगी नव्हे, दुकानातल्या संगणकासारखा किरकोळही नव्हे, मधल्या ताकदीचा. वीज पुरवणारे भाग दोन, एक बंद पडला तर दुसरा निभावून नेणार. डिस्क दोन, एकीवर लिहिलं की तेच दुसरीवरही उमटणार. एखादी बिघडली तर यंत्र चालू ठेवूनच ती काढून नवी बसवायची. गंगाधरपंतांना त्याचं केवढं अप्रूप! घरी चारुलताबाईंना त्यांनी ते इतक्यांदा सांगितलं, की त्यांनाही दोन डिस्कांचं गणित पाठ झालं.

त्याच वर्षी म्हसवडकडच्या एका वस्तीवरून साळूबाई उपचाराला आली. पन्नाशीची, छातीत गाठ. दर खेपेला कागदांची पिशवी पोटाशी धरून एसटीनं यायची. एकदा खिडकीपाशी तिचे सगळे कागद फरशीवर पसरले. गंगाधरपंत वाकून गोळा करू लागले.

"मावशी, हे ओझं कशाला वागवता? सगळं आमच्या यंत्रात आहे. एक डिस्क गेली तरी दुसरी आहे."

"कवाच जायचं न्हाई म्हंता?"

"नाही जायचं. मी आहे ना."

साळूबाई बरी झाली. गाठ गेली, केस परत आले. दिवाळीला ती बाजरी घेऊन आली आणि पंतांच्या टेबलावर ठेवून गेली.

मागच्या आषाढात एका डिस्कचा दिवा पिवळा झाला. पंतांनी त्याच दिवशी व्यवस्थापकांना नव्या डिस्कसाठी पत्र दिलं. आठवड्यानं दुसरं दिलं, मग तिसरं.

"चालतंय ना अजून?" व्यवस्थापक म्हणाले.

"एका पायावर चालतंय, साहेब."

"मग पुढच्या बैठकीत ठेवू."

दोन्ही डिस्क एकाच वेळी घेतलेल्या, एकाच वयाच्या. बैठकीच्या चार दिवस आधी, भर ओपीडीत, दुसरीही गेली. पुण्याच्या तज्ज्ञांनी महिनाभर खटपट केली आणि हात टेकले.

तरी पंत धीर धरून होते. दर शनिवारी ते एका वेगळ्या डिस्कवर, आधीची प्रत पुसून, सगळ्याची नवी प्रत काढायचे, काम पुरं झाल्याची हिरवी खूण बघायचे आणि ती डिस्क कपाटात ठेवायचे. ती आता त्यांनी जोडली. रुग्णांची नावं होती, पत्ते होते, तारखा होत्या. उपचारांच्या नोंदी नव्हत्या. सात वर्षांपूर्वी नवी प्रणाली बसवताना जुन्या-नव्या सगळ्या नोंदींची जागा बदलली होती, आणि प्रत मात्र जुन्याच जागेची निघत राहिली होती. ती एकदाही उघडून बघितली नव्हती. पंतांनी ती डिस्क काढून पुन्हा कपाटात ठेवली.

चौकशी झाली. तीन पत्रांमुळे ठपका व्यवस्थापकांवर आला. "पत्रांनी वाचवलं तुम्हाला," लोक म्हणाले. शनिवारच्या प्रतीबद्दल कुणी विचारलं नाही, पंतांनीही सांगितलं नाही.

भाद्रपदात साळूबाई परत आली. दुखणं उलटलं होतं. सोबत मुलगा सयाजी, फौजेतून रजा काढून आलेला. डॉक्टर वल्लरी यांनी पंतांना बोलावून घेतलं.

"मागच्या वेळी लाल औषध दिलं होतं, असं या सांगतात. ते हृदयावर जातं, जन्मभरात ठराविकच देता येतं. आधी किती दिलंय ते कळल्याशिवाय मी हात लावू शकत नाही."

"मावशी, लाल सलाईन किती वेळा लागली होती?" पंतांनी विचारलं.

"चार येळा आसंल. का सा येळा? लाल मुतायची तवा, येवढंच ध्यानात हाय."

"तुमच्याकडचे कागद?"

"घर बांधताना जाळलं की. तुमीच म्हनला हुतासा, ओझं कशाला."

सयाजी एकदम पुढं आला, पण आईनं त्याचा हात धरला. डॉक्टरांनी दुसरं, सौम्य औषध सुरू केलं. ते दुखण्याला पुरं पडलं नाही.

कार्तिकात पंत म्हसवडला गेले. साळूबाई अंगणात बाजेवर पडून होती, अंगाची पार काडी झालेली. त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं: शनिवारची प्रत, हिरवी खूण, सात वर्षं न उघडलेली डिस्क.

"पत्रं दिली म्हणून मी सुटलो, मावशी. पण चूक माझीसुद्धा आहे. तुमच्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही."

साळूबाई म्हणाली, "आवं दादा, लाल दवा भेटली आस्ती तर मी जगलेच आस्ते का?"

"ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही."

"मग मला तरी कसं सांगता यील?" तिनं डोळे मिटले. "तुमावर राग हाय माजा. न्हाई म्हनून खोटं बोलत न्हाई. पर च्या घेऊन जावा, उनाचं आलायसा."

सयाजीनं चहा आणून दिला. कप बाजेच्या कडेला ठेवून तो आत गेला.

मार्गशीर्षात त्याचा फोन आला. "आई गेली," एवढंच म्हणून त्यानं ठेवला. त्या संध्याकाळी पंतांनी चारुलताबाईंना सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "दहाव्याला जाणार?"

"नको असेन मी त्यांना."

"तरी जा."

ते गेले. नदीकाठी माणसांच्या मागं उभे राहिले. सयाजीनं त्यांना पाहिलं, मान वळवली. पिंडाला कावळा शिवेना. नातेवाईक एकेक करून पुढं येत, तिची राहिलेली इच्छा पुरी करू म्हणून शब्द देत होते. चूक रुग्णालयात कबूल करीन, असे शब्द पंतांच्याही ओठांवर आले होते. पण ते जागचे हलले नाहीत. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला; सगळे पांगेपर्यंत ते तसेच उन्हात उभे राहिले, आणि मग एकटेच एसटी स्टँडकडं चालू लागले.