चार तासांवरचा भाऊ

माझा धाकटा भाऊ सिंगापूरला नोकरीला गेला, तेव्हा अप्पांनी नकाशावर पट्टी ठेवून मोजलं. "एकोणतीसशे किलोमीटर धर. विमानात चार तास. इथून आपल्या गावी, तंजावरला, बसनं जायचं तर याहून जास्त वेळ लागतो." भूगोलाचे मास्तर होते ते. पोरगा लांब गेला, हे मान्य करायचंच नव्हतं त्यांना.

पुढे अप्पांना अर्धांगवायू झाला. वेस्ट मांबलमच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच. मी नुंगंबाक्कमला ऑफिसात जायची तेव्हा एक बाई त्यांच्याजवळ बसायची. दर रविवारी सकाळी भावाचा व्हिडिओ कॉल यायचा. "अप्पा, मी चार तासांवर आहे. नुसती हाक मारा." अप्पा वाकड्या झालेल्या तोंडानं हसायचे आणि मग आठवडाभर त्या बाईला तेच ऐकवायचे.

एका मंगळवारी ऑफिसातल्या मैत्रिणीच्या निरोपाचं जेवण होतं, जवळच्याच हॉटेलात. आत शिरले तर लॉबीतल्या सोफ्यावर माझा भाऊ. मांडीवर लॅपटॉप.

"कधी आलास?"

तो दचकून उभा राहिला. "काल सकाळी. मीटिंग होती, अक्का. आता चारला एअरपोर्टला निघायचंय."

"आणि घरी?"

"वेळच नाही मिळाला गं. आणि तासाभरासाठी येऊन लगेच निघालो असतो, तर अप्पांनाच जास्त त्रास झाला असता."

तिथून मांबलम लोकलनं दोन स्टेशनं. मी रोज जात होते, भाजी घेऊन, औषधं घेऊन.

"पहिल्यांदाच आलास असा?"

तो फोनकडे बघत राहिला. "तिसऱ्यांदा," म्हणाला. "अप्पांना सांगू नकोस, प्लीज."

मी जेवायला न बसताच ऑफिसात परतले. संध्याकाळी अप्पांनी विचारलं, "तोंड का उतरलंय?" मी म्हटलं, डोकं दुखतंय. त्या रविवारी पुन्हा कॉल आला, पुन्हा ते चार तास. अप्पा म्हणाले, "नको रे, उगाच तुझी सुट्टी वाया जाईल." मी त्यांच्यासमोर फोन धरून उभी होते. तो उशीला टेकवून आत गेले.

त्यानंतर चार महिन्यांनी, सकाळच्या कॉफीनंतर, अप्पा गेले. थेट विमानात जागा नव्हती, म्हणून भाऊ क्वालालंपूरवरून आला, अकरा तासांनी. त्याचा दोष मी त्याला देत नाही. पण आल्यावर तो नातेवाइकांच्या गळ्यात पडून रडला, "एकदा तरी येऊन भेटायला हवं होतं हो!" आत्या त्याची पाठ थोपटत म्हणाली, "इतक्या लांबून कसा येणार तू, बाळा?" मी तिथेच उभी होते.

तेराव्यानंतर घर रिकामं झालं. आम्ही दोघंच उरलो, तेव्हा त्यानं पहिलीच गोष्ट विचारली, "अक्का, अप्पांना तू ते सांगितलं नव्हतंस ना?"

"नाही."

त्यानं मोठा सुस्कारा सोडला. "बरं केलंस."

त्या सुस्काऱ्यासाठी मी त्याला अजून माफ केलेलं नाही. स्वतःलाही नाही. सांगितलं असतं, तर अप्पा दुखावले असते, चिडले असते, कदाचित पोराशी बोलणं टाकलं असतं. तो त्यांचा हक्क होता. तो मी त्यांना मिळू दिला नाही.