सही क्रमांक एक

मला उचललं. विचारलं नाही.

स्टेजला तीन पायऱ्या होत्या. कठडा नव्हता. कुबडी कुठं टेकवायची ते मी बघत होते, तेवढ्यात फेटे बांधलेली दोन माणसं मागून आली. एकानं डाव्या बगलेत हात घातला, दुसऱ्यानं उजव्या.

"धर रं, धर. हलक्याच हायत वहिनी."

लोक हसले. साडी पोटरीच्या वर सरकली. पायाचा लोखंडी कॅलिपर सगळ्या कॉलनीनं पाहिला. कुबडी खालीच राहिली.

वर नेऊन मला खुर्चीत ठेवलं. बसवलं म्हणत नाही. ठेवलं.

माझं वय एक्कावन्न. पोलिओ झाला तेव्हा दीड वर्षाची होते. गेली सव्वीस वर्षं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कास्टिंगच्या कारखान्यात स्टोअर्स सांभाळते. माल आला की आधी मोजायचा, मग चलनावर सही. ट्रकवाला कितीही घाई करू दे. माझ्या टेबलावर न मोजता सही झालेली नाही. घरीही तसंच. उद्याची कामं आज वहीत लिहिलेली असतात. झालेल्या कामावर रेघ.

तर कार्यक्रम आमच्या कोपऱ्याच्या सुशोभीकरणाचा होता. या कोपऱ्यावर वर्षानुवर्षं बसचा थांबा. पत्र्याची शेड आणि पुढं एक दगडी कट्टा. कुणी बांधला माहीत नाही. पण त्याची उंची बसच्या पहिल्या पायरीला अगदी लागून होती. मागच्या उताराकडून मी कट्ट्यावर चढायची. कंडक्टर ओरडायचा, "घे, कट्ट्याला घे!" बस कट्ट्याला लागायची. कट्ट्यावरून एक पाऊल, की आत. कुणाचा हात नको. आत बसलेले कुणी वळूनसुद्धा बघत नसत. सव्वीस वर्षं मी बाकीच्यांसारखी बसमध्ये चढले, ती त्या दगडामुळं.

कार्यक्रमाच्या महिनाभर आधी शेड काढली, कट्टा फोडला. नवीन होणार म्हणून मी गप्प होते. तेवढा महिना माझ्याच कारखान्यात काम करणारी एक शेजारीण स्कूटरवरून न्यायची. पुढच्या आठवड्यात तिची दुसऱ्या प्लांटला बदली होती. वहीत लिहून ठेवलं होतं : सोमवारपासून बस.

स्टेजवर कॉलनीचे अध्यक्ष माईकसमोर उभे राहिले. निवृत्त मोठे अधिकारी. कोपऱ्यावरचा बंगला त्यांचाच, थांबा त्यांच्या फाटकासमोर. माझ्या खांद्यावर शाल, हातात नारळ.

"आमच्या या भगिनी. अपंग असूनही चार दिवस दारोदार फिरल्या. चौसष्ट सह्या आणल्या. त्यांच्यामुळंच हे काम झालं. इथली गर्दी, थुंकणं, कचरा, सगळं आता बंद. सोमवारपासून थांबा ओढ्याच्या पुलापलीकडं."

टाळ्या.

मी म्हणाले, "मला खाली घ्या."

माईक त्यांच्याकडं होता. फोटोवाला म्हणाला, "वहिनी, जरा हसा की." कुबडी खाली खुर्चीला टेकून उभी. मधे तीन पायऱ्या. भाषणं झाली, गाणी झाली, आभार झाले. सव्वा तास मी तिथं होते. समोर, जिथं कट्टा होता तिथं, झाडांच्या कुंड्या आणि फोटो काढायला रंगीत अक्षरं. नारळ मांडीवरून घसरायचा. मी धरून ठेवायची.

सह्या मी आणल्या होत्या, हे खरं. तेच सांगायचं आहे.

कार्यक्रमाच्या तीन महिने आधी अध्यक्ष घरी आले होते. "वहिनी, थांबा चांगला करून घेऊ. नवी शेड, बसायला बाकं. तुमच्या शब्दाला कोण नाही म्हणत नाही. सह्या गोळा करा."

"अर्ज?"

"अर्ज मागाहून लावू की. आधी सह्या तरी होऊ देत."

आमच्याकडं असंच चालतं. गटार असो, मंडपाची परवानगी असो, कोऱ्या कागदावर सह्या आधी होतात, अर्जाचा कागद नंतर वर टाचला जातो. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नाही. मी पट्टीनं रेघा मारल्या. क्रमांक, नाव, घर, सही. लोकांना विश्वास वाटावा म्हणून पहिली सही माझी केली.

चलनावर न मोजता सही न करणारी बाई. कोऱ्या कागदावर केली.

सोमवारी निघाले. पुलावर फूटपाथ नाही. उसाचे ट्रॅक्टर अंगाला घासून जातात. माझी अकराशे चाळीस पावलं. पलीकडं एक खांब, त्यावर पाटी. बाकी माती. थोडं मागं एक मोठा दगड. बस आली. पायरी माझ्या गुडघ्याच्या वर. दारात कंडक्टर.

"चला की ताई लवकर."

"पायरी उंच आहे. जरा मागं त्या दगडाला लावा."

"दगुड कुठं हुडकत बसू आता? सगळ्यांचा खोळंबा हाय. रिक्षा करायची न्हवं."

बेल वाजली. बस गेली.

मंगळवारी दोघा प्रवाशांनी मला आत ओढून घेतलं. एकाचा हात नको तिथं लागला. मुद्दाम की चुकून, माहीत नाही. मी "आभारी आहे" म्हणाले. म्हणावंच लागलं. उद्या परत त्याच दारात उभं राहायचं होतं.

बुधवारी अध्यक्षांच्या फाटकात गेले. त्यांनी झेरॉक्स आणून दाखवली. वर टाइप केलेला अर्ज. 'थांबा पुलापलीकडे हलवावा.' खाली माझ्या पट्टीच्या रेघा.

"बघा. पहिली सही कुणाची?"

"हे मी लिहिलेलं नाही."

"मग वाचायचं नाही का सही करताना?"

"वाचायला काही नव्हतं."

ते हसले. वाईट हसले नाहीत. लहान मुलाला हसतात तसे. "अहो वहिनी, एवढं काय मनावर घेता? आमचा ड्रायव्हर सोडेल की तुम्हाला. जमेल तसं."

"जमेल तसं म्हणजे?"

"म्हणजे गाडी मोकळी असेल तेव्हा."

"नको," मी म्हणाले.

उभ्या आयुष्यात कुणी काही देऊ केलं आणि मी नको म्हणाले, असं पहिल्यांदाच झालं. पण थांबा काही परत आला नाही.

रस्त्यात शांताक्का भेटली. कॉलनीतल्या तीन घरी स्वयंपाक करते. तिचे गुडघे गेलेले. तीही त्याच कट्ट्यावर उतरायची. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"तुमी म्हणालासा, चांगलं हुतंय, कर सही. म्हणून केली की मी. आता पुलावरनं रोज तुमच्या नावानं बोटं मोडत येतो."

घरी आले. वही उघडली.

मी अर्ज लिहिला. कट्टा किती उंच, उतार कसा, थांबा कुठं, सगळं टेपनं मोजून. या वेळी प्रत्येक पानावर मजकूर आधी, सह्यांची जागा खाली. सह्या केलेल्या सगळ्यांकडं पुन्हा फिरले. "बघू की." "साहेबांना विचारून सांगतो." "झालं ते झालं, वहिनी." अकरा सह्या झाल्या. शांताक्का म्हणाली, "आदी वाचून दाखवा." मी सगळा वाचला. ती म्हणाली, "परत एकदा." परत वाचला. मग तिनं केली. बसच्या ऑफिसात अर्ज दिला. पोच मिळाली. उत्तर नाही. दुसरा दिला. उत्तर नाही.

गेल्या रविवारी कॉलनीची सभा होती. देवळावरच्या हॉलमध्ये. जिना वीस पायऱ्यांचा. मी खाली थांबले. स्टेजवर उचलून नेणारे तेच दोघे आले, बाह्या सरसावून.

"चला वहिनी, न्हेतो वर."

"हात लावायचा नाही."

"अवो, मग सभेला कशा येणार?"

"सभा खाली आणा."

ते एकमेकांकडं बघत वर गेले. कुणी खाली आलं नाही. मी जिन्याशी उभी राहून अर्ज वाचायला लागले. पहिल्या ओळीपासून, मोठ्यानं. खिडकीत दोन डोकी आली, गेली. कुणीतरी माईकचा आवाज वाढवला. मी पाचव्या ओळीवर होते. थांबले नाही. सगळा वाचून संपवला, तेव्हा वर चहाचे कप वाजत होते.

आजही सकाळी मला दोघांनी बसमध्ये ओढून घेतलं. उद्याही घेतील. ते माझ्या हातात नाही.

पण आता न वाचता माझी सही मिळणार नाही. शाल घ्यायला मी येणार नाही. जिथं पायऱ्या आहेत तिथं मला कुणी उचलायचं नाही. मी खालीच उभी राहीन आणि खालूनच बोलेन. पुढची सभा महिन्यानं आहे. वहीत लिहिलं आहे. रेघ मारलेली नाही.