शाळेच्या ढिगासाठी तणस

गोंदिया वेगळा जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती. मी लाखांदूर तालुक्यात तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, धंदा करत होतो. डोक्यावर भारे वाहून सुरुवात केली आणि स्वतःच्या ट्रॅक्टरपर्यंत पोचलो. भाव पाडून मागणाऱ्याला मी ओरडूनच फाटकाबाहेर काढत असे.

एका शनिवारी गावच्या शाळेतली तीन मुलं आली, दोन मुली आणि एक पोरगा, तीन वेगवेगळ्या वर्गांतली. शाळेत शेती, स्वयंपाक आणि वेल्डिंग असे व्यवसाय शिक्षणाचे वर्ग होते आणि तिन्ही वर्गांचा मिळून खताचा एकच ढीग होता. स्वयंपाकवाल्यांनी ओला कचरा द्यायचा, वेल्डिंगवाल्यांनी पिंजरा करायचा, शेतीवाल्यांनी ढीग लावायचा. आता तो इतका घाण मारत होता की हेडमास्तरांनी बजावलं होतं, सोमवारी वास आला तर ढीग उचलायचा, प्रकल्प बंद.

"काका, आमाले सुकं तणस पायजे," शेतीच्या वर्गातली मुलगी म्हणाली. "ढीग गच्च ओला झाला."

"काहून झाला?"

"हिच्या वर्गानं रोज भाताची पेज ओतली."

"मंग फेकाची का?" स्वयंपाकवाली उसळली. "पेज कोणी फेकते का आपल्या इकडं? अन् यानं पिंजऱ्याले चारी बाजूनं पत्रा ठोकला. हवा कुठून जाईन?"

"जाळी सरली होती ना बाई!" वेल्डिंगवाला पोरगा म्हणाला.

आपसात भांडणारं गिऱ्हाईक म्हणजे अर्धा जिंकलेला सौदा. त्यात त्या शाळेवर माझा राग होता. मैदानाच्या कुंपणाचं काम आम्ही तिघा जोडीदारांनी मिळून मागितलं होतं. शाळा समितीने माझ्या दोन्ही जोडीदारांना आत बोलावून चहा पाजला, काम त्यांना दिलं, आणि मी बाहेर उभा राहिलो. त्या शाळेचा ढीग बुडाला असता तर मला बरंच वाटलं असतं.

म्हणून मी शेतीवालीला बाजूला घेतलं. "तुझ्या वर्गाचा येगळा ढीग लाव. तणस फुकट देतो. दुसऱ्याचं कायले भोगतं?"

"नाई काका. मंग ढिगात टाकाले काय राहीन? अन् पिंजरा त याचाच हाय."

मी पोराला गाठलं. "ह्या पोरी हेडमास्तरले तुयंच नाव सांगतीन."

"सांगू द्या. पत्रा मीच ठोकला."

माझं डोकं फिरलं. "चला, निघा इथून!"

कोणी हललं नाही. स्वयंपाकवालीने हट्टी पोरासारखं मला ओरडू दिलं आणि मग विचारलं, "झालं का काका? कोणत्या गंजीतलं घेऊ?"

इतक्या वर्षांत मी भल्याभल्यांना फोडलं होतं. सख्खे भाऊसुद्धा माझ्या ओट्यावर वेगळे झाले. ही पोरं एकमेकांची चूक माझ्या तोंडावर सांगत होती आणि तरी एकमेकांना सोडत नव्हती. असले जोडीदार मला मिळाले असते तर! मी ट्रॅक्टरच काढला आणि तणस शाळेत नेऊन टाकलं.

रविवारभर पोराने पत्रा कापून भोकं पाडली. मुलींनी सगळा ढीग उकरून थराथरात तणस घातलं.

सोमवारी मी आणखी थोडं तणस उतरवायच्या निमित्ताने तिथेच होतो. हेडमास्तरांनी वाकून वास घेतला, परत घेतला. "चालू द्या," म्हणाले आणि माझ्याकडे न बघता गेले. शाळेशी माझा कुंपणाचा हिशोब अजून बाकी आहे.

हेडमास्तर वळताच तिघांचं भांडण पुन्हा सुरू झालं, उद्या ढीग कोणी परतायचा यावरून.